बाटल्या आणायला कोण गेलं

त्या दुपारी अण्णा मशीन फिरवत होता आणि मी बाटल्यांत पाणी भरत होतो. एकमेकांबद्दल मनात काही नसताना आम्ही दोघा भावांनी शेजारी बसून केलेलं ते शेवटचं काम. पुढं पन्नास वर्षं एकमेकांकडं येणं-जाणं राहिलं, लग्नं झाली, बारशी झाली, मयती झाल्या, पण तसं बसणं पुन्हा झालं नाही. तेव्हा ते कळलं नाही. कळलं असतं तरी काय केलं असतं? पाणीच भरलं असतं.

आमचा गोटी सोड्याचा कारखाना होता. कारखाना म्हटल्यावर लई मोठं काही डोळ्यांपुढं आणू नका. गल्लीत दोन खोल्या. मागच्या खोलीत आम्ही राहायचो, पुढच्या खोलीत मशीन. मशीन म्हणजे लोखंडी पिंजरा, त्यात चार बाटल्या बसायच्या. बाजूला माणसाएवढं गॅसचं नळकांडं. बाटल्यांत पाणी भरायचं, पिंजऱ्यात घट्ट बसवायच्या, गॅस सोडायचा आणि दांडा धरून पिंजरा फिरवायचा. पाण्यात गॅस मुरला की पिंजरा उलटा करायचा. गोटी घरंगळत बाटलीच्या गळ्यात यायची आणि आतल्या गॅसच्या जोरानं रबराच्या रिंगेवर अशी गच्च बसायची की अंगठ्यानं दाबल्याशिवाय हलत नसे. बूच नाही, झाकण नाही. बाटली स्वतःच स्वतःचं तोंड मिटून घ्यायची. आमच्या घरातली माणसंही तशीच होती.

पुढच्या खोलीला एकच खिडकी होती आणि ती कधी उघडत नसत. मशीन चालू असताना दारही लोटलेलं. कारण बाटली फुटायची. दिवसातून एक तरी फुटायचीच. उन्हाळ्यात जास्त. काच जुनी असली, कुठं बारीक तडा असला, गॅस थोडा जास्त झाला की बंदुकीसारखा आवाज व्हायचा आणि काच खोलीभर. रस्त्यावर कुणाला लागू नये म्हणून सगळं बंद. आत आम्ही. भिंतींना ओली पोती लावलेली, अंगात जाड कोट, हातात पोत्याचे मोजे, आणि सोलापूरचा उन्हाळा. घाम गळून पायांखाली चिखल व्हायचा. बाहेर शेजारच्या तेलुगू लोकांचे माग खटखट चालू असायचे, लांब मिलचा भोंगा व्हायचा, त्यावरून किती वाजले ते कळायचं. बाकी बाहेर दिवस आहे का रात्र, पत्ता नाही.

बाटली फुटली की अप्पा, म्हणजे आमचे वडील, कुठंही असले तरी ओरडायचे, "बोटं?" आम्ही दोघांनी लगेच ओरडायचं, "दहा!" मग अप्पा स्वतःशी म्हणायचे, "नऊ." त्यांचं डाव्या हाताचं करंगळीचं बोट मशीननं आधीच घेतलं होतं. ही आमच्या घरची रीत. हसायची गोष्ट नाही, पण आम्ही हसायचो. पुढं माझं लग्न झालं, महादेवी वैरागहून या घरात आली, तर पहिल्याच आठवड्यात बाटली फुटली आणि अप्पांनी आरोळी ठोकली. ती नवी नवरी, चुलीपुढं बसलेली. आतून बारीक आवाज आला, "दहा." अप्पा मोठ्यानं हसले होते. मी त्यांना इतकं हसताना त्यानंतर पाहिलं नाही. परवा मुलाच्या घरी, जुळे सोलापूरला, स्वयंपाकघरात काचेचा ग्लास फुटला. माझ्या तोंडून गेलंच, "बोटं?" सून बाहेर येऊन म्हणाली, "काय पाहिजे, मामा?" मी म्हटलं, काही नाही. महादेवीला जाऊन चार महिने झाले.

आता सोडा म्हणजे काय, ते सांगतो. पाणी आणि हवा. बस. नातवानं एकदा विचारलं, सोड्यात सोडा असतो का? आमच्या सोड्यात नव्हता. नळाचं पाणी फडक्यातून गाळलेलं, त्यात गॅस. पण माणसं त्या पाण्याला काय काय समजायची! मिलमधून सुटलेले कामगार गळ्यात कापूस अडकला म्हणून उभ्यानं बाटली प्यायचे, मोठी ढेकर द्यायचे आणि तोंडावर असं समाधान यायचं की देवळातून आलेत. लग्नात जेवण जड झालं, सोडा. बिर्याणी खाल्ली, सोडा. पोटात गुबारा धरला, सोड्यात मीठ टाक, वर फेस उसळला की डोळे मिटून पी. पहिलटकरीण बाई काही पोटात ठेवत नाही, तिची सासू पदराखाली बाटली लपवून न्यायची. पिणारे लोक मागच्या दारानं न्यायचे, ते वेगळं. एक म्हातारा तर मरायला टेकलेल्या बायकोला पाजायला घेऊन गेला. अप्पा त्याला म्हणाले, "काका, ह्यात औषध न्हाय." तो म्हणाला, "ठाऊक हाय. पर आवाज ऐकला की ती डोळं उघडती." गोटी दाबल्यावर जो आवाज होतो त्याला गिऱ्हाईक पैसे देतं, पाण्याला नाही, हे अप्पा नेहमी सांगायचे. माझं स्वतःचं विचाराल तर मला सोडा कधी आवडला नाही. नाकात जातो.

आमच्या बाटल्यांची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. दुसऱ्यांच्या बाटल्या कोऱ्या असत. अप्पांनी लांबून बाटल्या मागवताना काचेतच नाव ओतून घेतलं होतं. हिरवट जाड काच, आणि तिच्या पोटावर उंचवट्याची अक्षरं, भागव्वा. भागव्वा म्हणजे अप्पांची आई. तिनं दुसऱ्याच्या घरी भांडी घासून अप्पांना वाढवलं आणि मशीन यायच्या आधीच गेली. तिचा फोटो नव्हता. म्हणून नाव बाटलीवर. अप्पा बाटली धुताना त्या अक्षरांवरून अंगठा फिरवायचे. बाटली कुठंही गेली, हॉटेलात, पानपट्टीत, लग्नात, तरी परत घरी आलीच पाहिजे, हा त्यांचा नेम. एखादी नाही आली तर दुसऱ्या दिवशी अण्णाला पाठवायचे. गोट्या खेळायला पोरं बाटल्या फोडायची, ती सापडली तर अप्पा मारायचे नाहीत. म्हणायचे, "माझ्या आयीचं डोकं फोडलंस रं."

अण्णा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. नाव मल्लिनाथ. मी शिवा. तो सातवीपर्यंत शिकला, मी पाचवीला सोडलं. तो कमी बोलायचा. मशीनवर त्याचा हात अप्पांपेक्षा चांगला होता, पिंजरा फिरताना आवाजावरून सांगायचा, तिसरी फुटणार, आणि तिसरी फुटायची. त्याला ते काम आवडायचं का, हे मी कधी विचारलं नाही. मला आवडत नव्हतं. मला त्या खोलीत श्वास कोंडायचा. रात्री स्वप्नात मी बाटलीत असायचो आणि वर गोटी बसलेली. उठून गल्लीत जाऊन उभा राहायचो.

चौकात ट्रक लागायचे, चादरींच्या गाठी भरून हैदराबादला जायचे. हुसेनभाई नावाचा ड्रायव्हर आमचा सोडा प्यायचा. त्याला क्लीनर पाहिजे होता. मी पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. शेवटी तो म्हणाला, "ठीक है. अगले चक्कर कू आ. मगर दो बातां याद रख. गाडी में मेरे आगे सोने का नै. और पुलिस का लफडा नक्को. जिसका नाम चौकी में चढा, उसकू मैं गाडी पे नै चढाता." मी म्हटलं, माझं नाव शाळेतसुद्धा नीट चढलं नव्हतं. तो हसला. अगला चक्कर म्हणजे पंधरा दिवसांनी, गुरुवारी सकाळी. मी जाणार, हे फक्त अण्णाला सांगितलं. अप्पांना सांगायची माझी छाती नव्हती. अण्णा म्हणाला, "जा. मी बघतो हितलं." एवढंच. त्या दुपारी पाणी भरताना मी मनात दिवस मोजत होतो.

त्याच संध्याकाळी गल्लीत मारामारी झाली. दोन तालमींची पोरं, मिरवणुकीत पुढं कुणाचा ताशा, यावरून. आधी शिव्या, मग काठ्या. मग कुणाची तरी नजर पानपट्टीबाहेर ठेवलेल्या आमच्या सोड्याच्या पेट्यांवर गेली. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांना सांगतो, सोड्याचा हाही एक उपयोग होता आणि गावोगाव होता. भरलेली बाटली हलवून रस्त्यावर आपटली की बॉम्बच. आम्ही दार लावून आत बसलो. बाहेर एकापाठोपाठ बाटल्या फुटत होत्या आणि अप्पा सवयीनं प्रत्येक आवाजाला दचकून ओठ हलवत होते. अव्वा, आमची आई, देवापुढं बसून कानडीत पुटपुटत होती. एका माणसाच्या कपाळात काच गेली, त्याचा डोळा वाचला का नाही हे कित्येक दिवस कळलं नाही. पोलीस आले, पोरं पळाली. रस्त्यावर जेवढ्या बाटल्या न फुटता पडल्या होत्या तेवढ्या पोलिसांनी पोत्यांत भरून चौकीत नेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा चहासुद्धा घेईनात. "दोन पोती," म्हणाले. "माझी आय चौकीत पडलीया. चोरागत. जाऊन घिऊन या."

अण्णा म्हणाला, "अप्पा, दोन दिवस थांबू की. आत्ता गेलं तर ते इचारत्याल, ह्या कुणाच्या?"

"मग? आमच्या म्हण. नाव हाय की काचेत. लपवायचं काय त्यात? आपण फेकल्या का?"

"आपण न्हाय फेकल्या. पर त्यास्नी कुणीतरी पायजेच की."

"मल्ल्या, तुझी आजी जिती असती आन तिला चौकीत बसवली असती, तर दोन दिवस थांबला असतास?"

आज मला कळतं की बाटल्या मागायला चौकीत जाणं म्हणजे आपण होऊन गळा पुढं करणं. कुठल्याही शहाण्या माणसानं बाटल्या गेल्या म्हणून सोडून दिलं असतं. पण आमच्या घरात बाटली परत आणायची नाही, असं कुणाच्या डोक्यात येऊच शकत नव्हतं. अण्णाच्याही आलं नाही. तो फक्त थांबू म्हणत होता.

अप्पा माझ्याकडं वळले. "शिवा, तू जा. तू ल्हान हायस, तुला कोन काय करनार न्हाय. पोतं घे, हातगाडी घे."

मला हुसेनभाईचं बोलणं आठवलं. जिसका नाम चौकी में चढा. तेरा दिवस राहिले होते. मी चेहऱ्यावरची रेघ न हलवता खोटं बोललो. म्हटलं, "अप्पा, रबराच्या रिंगा संपल्यात. आज न्हाय आणल्या तर मशीन बंद पडंल. मी बाजारात जाऊन रिंगा आणतो, तवर अण्णा चौकीत जाऊ दे." अप्पांना मशीन बंद म्हटलं की दुसरं काही सुचायचं नाही. अण्णानं माझ्याकडं एकदा बघितलं, कोनाड्यातून टोपी घेतली आणि हातगाडी ढकलत गेला. मी उलट्या दिशेनं गेलो. तळ्यावर जाऊन बसलो दुपारपर्यंत. मासे बघत. मग घरी येऊन सांगितलं, रिंगा मिळाल्या नाहीत.

अण्णा घरी आला नव्हता.

संध्याकाळी पानपट्टीवाल्यानं येऊन सांगितलं काय झालं ते. अण्णा गेला, नमस्कार केला आणि म्हणाला, साहेब, आमच्या बाटल्या न्यायला आलोय. तिथल्या जमादारानं विचारलं, तुमच्याच कशावरून? अण्णानं नाव दाखवलं. ही भागव्वा कोण? माझी आजी. कुठं असते? वारली. जमादार म्हणाला, आजी वारली, मग नातू बस. बाटल्या कुणी पुरवल्या ते सांग, मग आजीला घेऊन जा. ज्यांनी फेकल्या त्यातलं एकही पोरगं हाती लागलेलं नव्हतं. हा आपल्या पायांनी, हातगाडीसह आलेला. त्यांनी त्याला आत टाकला.

अकरा दिवस. अव्वा रोज भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून चौकीत जायची, तासन्‌तास बाहेर उभी राहायची. कधी भाकरी आत जायची, कधी तशीच परत यायची. परत आलेली भाकरी आम्ही कुणी खायचो नाही, ती गाईला घालायची. अप्पा एकदाच गेले. जमादारानं त्यांना दारात उभं केलं आणि म्हणाला, म्हाताऱ्या, बाटल्या घेऊन जातोस का पोरगा? अप्पा घरी येऊन भिंतीकडं तोंड करून निजले. त्यानंतर त्यांनी बाटलीचं नाव काढलं नाही. मी किती वेळा गेलो? एकदाही नाही. मशीनवर माणूस पाहिजे, हे कारण आता खरं झालं होतं. अण्णाच्या जागी मी पिंजरा फिरवत होतो. मला त्या खोलीतून सुटायचं होतं म्हणून मी खोटं बोललो, आणि त्याच खोटेपणानं मला दांड्याला आणून बांधलं. तरी मी मनात म्हणायचो, गुरुवारपर्यंतच. अण्णा येईल, मग गुरुवार येईल.

बाराव्या दिवशी, मंगळवारी, अण्णा आला. मळ्यातल्या एका ओळखीच्या पाटलानं शब्द टाकला तेव्हा सोडला. दाढी वाढलेली, एका कानाला कमी ऐकू येत होतं. ते पुढं तसंच राहिलं. अव्वानं पाणी ओवाळून टाकलं, गव्हाची गोड हुग्गी केली. तो दोन घास जेवला आणि बाहेर जाऊन ओट्यावर बसला. अव्वा म्हणाली, "मल्लू, आत ये की, ऊन लागतंय." तो म्हणाला, "लागू दे."

बुधवारी सकाळी तो मशीनवर बसला. अप्पांनीच बसवला, त्यांना वाटलं हाताला काम लागलं की माणूस ताळ्यावर येतं. दार लोटलं. अण्णानं उठून दार उघडलं. अप्पांनी पुन्हा लोटलं. अण्णानं पुन्हा उघडलं. मग तो खिडकीकडं गेला. ती खिडकी मी जन्मल्यापासून उघडलेली नव्हती, लाकूड फुगलेलं. त्यानं खांद्यानं धक्के दिले, गज हलवले, चुना खाली पडला, खिडकी नाही उघडली. तेवढ्यात माझ्या हातून गॅस जास्त सुटला असेल, पिंजऱ्यातली बाटली फुटली. अप्पा ओरडले, "बोटं?" मी म्हटलं, "दहा." अण्णाचा आवाज नाही. बघतो तर अण्णा खोलीत नाही. तो गल्लीच्या टोकाला, चिंचेखाली, दोन्ही हातांनी डोकं धरून उकिडवा बसला होता. आसपासची लहान पोरं हसत होती. मी त्यांना दगड मारला.

त्या संध्याकाळी दिवेलागणीला मी आणि तो ओट्यावर बसलो. आत अव्वा माझ्यासाठी कडक भाकरी थापत होती. आदल्या दिवशी मी तिला सांगून टाकलं होतं की मी ट्रकवर जातोय, अप्पांना तू सांग. कडक भाकरी आठ दिवस टिकते म्हणून. तव्यावर भाकरीचा वास येत होता आणि मला वाटत होतं, सुटलो. अण्णा चिंचेकडं बघत होता. मग म्हणाला,

"शिवा, उद्या तुझ्या जागी मी जातो."

मी म्हटलं, "कुटं?"

"ट्रकवर. मला आता त्या खोलीत बसवत न्हाय. दार लावलं की मला तितलंच दिसतंय."

"अण्णा, पर मी ठरवलंय. हुसेनभाईला शबूद दिलाय. तू दुसरं काय तरी बघ की. मिलमधी—"

"मिलला पन दारं असत्यात."

त्यानं हळू आवाजात, जराही न चिडता, सांगितलं. "त्या दिवशी शुक्रवार व्हता. रबराचं दुकान शुक्रवारी बंद असतंय, शिवा. मला चौकीच्या वाटंवरच आठवलं."

"मग परत का न्हाय आलास?"

"परत येऊन काय करायचं व्हतं? अप्पांसमोर तुला खोटा पाडायचा? मग त्यांनी तुलाच पाठवला असता."

मी म्हटलं, "बरं. जा तू."

आता खरी गोष्ट सांगतो. ही गोष्ट महादेवीला मी आयुष्यात सांगितली नाही. ती प्रत्येक लग्नात, प्रत्येक पाहुण्याला सांगायची, आमच्यांनी स्वतःची ट्रकवरची जागा भावाला दिली आणि जन्मभर मशीन ओढलं, असा माणूस शोधून सापडणार नाही. मी शेजारी बसून सुपारी कातरत राहायचो. अण्णाही कधी काही बोलला नाही. तो पुढं स्वतः ड्रायव्हर झाला, नातेपुत्याला घर बांधलं, तिथंच आहे. ती असती तर मी हे लिहिलं नसतं. तिनं सांगितलेलाच मी मला बरा वाटायचो. आता सांगणारी गेली, तर नुसता मीच उरलोय, आणि मी तसा नव्हतो.

मी "जा तू" म्हटलं ते मन मोठं करून नव्हे. मला हुसेनभाईची अट ठाऊक होती. अण्णाला ठाऊक नव्हती. मी हिशेब केला की अण्णा उद्या चौकात जाईल, हुसेनभाई त्याला चौकीचा माणूस म्हणून हाकलेल, आणि मग मी शेजारी उभा असेनच. अण्णाला नाही म्हणायचं पाप हुसेनभाईच्या माथी, जागा माझी. मी शांत झोपलो.

सकाळी पहिला भोंगा व्हायच्या आधी आम्ही दोघं निघालो. अण्णाकडं वळकटी, माझ्याकडं भाकरीचं गाठोडं. अव्वा दारात आली, माझ्याऐवजी अण्णा चाललाय हे तिला अजून माहीत नव्हतं. तिनं आम्हा दोघांच्याही कपाळाला विभूती लावली. अप्पा आत नळकांड्याची चावी पुसत होते, बाहेर आले नाहीत.

चौकात ट्रक उभा होता. गाठींवर ताडपत्री बांधून झाली होती. हुसेनभाई टायरांना पाय मारून बघत होता. म्हणाला, "आया? चल, चढ."

अण्णा पुढं झाला. "हुसेनभाई, त्याच्या जागी मी येतोय."

हुसेनभाईनं त्याला वरून खाली बघितलं. "काम करेगा?"

"करतो की."

हुसेनभाईनं मान हलवली. एवढ्यावरच झालं. त्यानं काही विचारलंच नाही. मला वाटलं, हा विचारायचं विसरला. मग मीच तोंड उघडलं. अण्णा हातभर अंतरावर उभा होता, त्याच्या चांगल्या कानाच्या बाजूला. मी म्हटलं, "हुसेनभाई, तो अकरा दिवस चौकीत होता. परवा सुटलाय. नाव चढलंय त्याचं."

अण्णानं माझ्याकडं बघितलं नाही. वळकटी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"ग्यारा दिन?" हुसेनभाई म्हणाला. "मैं तीन महिने बैठ के आया था, गुलबर्गे में. चढ रे, क्या नाम तेरा."

"पण तुम्हीच म्हणाला होता, ज्याचं नाव चौकीत—"

"वो नये छोकरों कू डराने कू बोलना पडता." मग तो माझ्याकडं जरा जास्त वेळ बघत राहिला. "तेरा सगा भाई है ना ये?"

मी म्हटलं, "व्हय."

"तो भाकरी दे उसकू. मेरे कू एकीच आदमी होना."

मी गाठोडं अण्णाच्या हातात दिलं. त्यानं ते घेतलं, मागच्या बाजूनं गाठींवर चढला आणि ताडपत्रीचा दोर धरून बसला. वर सगळं मोकळं होतं, आभाळ उजळत होतं. मागचं फळकुट अजून उघडं लोंबत होतं. त्याला ते लावायचं असतं हे कुणी शिकवलेलं नव्हतं. मला येत होतं. महिनाभर मी चौकात उभा राहून बघितलं होतं, क्लीनर काय काय करतो ते. मी फळकुट उचललं, दोन्ही बाजूंच्या कड्या घातल्या, खिळे ठोकले, एकदा हिसका देऊन बघितलं. मग निघा म्हणून क्लीनर जशी देतो, तशी हाताच्या पंजानं ट्रकच्या अंगावर दोनदा थाप दिली, आणि हुसेनभाईनं गाडी सोडली.